केरो लक्ष्मण छत्रे आणि कुलाब्याची हवा

मराठी गद्याच्या इतिहासात केरो लक्ष्मण छत्रे यांचे नाव सहसा दोन संदर्भांत येते. एक, अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवरील शालेय पुस्तकांचे कर्ते म्हणून. आणि दुसरा, टिळक व आगरकर यांचे डेक्कन कॉलेजातील गणिताचे गुरू म्हणून. ज्योतिषाच्या अभ्यासकांना ते 'पटवर्धनी' पंचांगाचे जनक म्हणून ठाऊक असतात. या तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याची घडण ज्या कामाने झाली, ते या तिन्हींच्या आधीचे आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून सुमारे अकरा वर्षे त्यांनी मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावरील कुलाब्याच्या वेधशाळेत काढली. तेथे वारा, वायुभार, उष्णमान आणि चुंबकसूची यांच्या नोंदी रात्रंदिवस होत असत. त्यांच्या पुढील लेखनातील प्रत्यक्षाचा आग्रह या नोंदवहीतून आला आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या गद्याचा आणि त्यांच्या पंचांगवादाचा अर्थ नीट लागत नाही.

केरोपंतांचे मूळ नाव विनायक. जन्म १६ मे १८२४ रोजी अष्टागरातील नागाव येथे झाला. अलिबागच्या दक्षिणेस नारळी-पोफळींच्या वाड्यांतून वसलेले हे गाव समुद्राला लागून आहे. अष्टागराच्या माणसाला दर्या हा काव्याचा विषय होण्यापूर्वी हिशेबाचा विषय असतो. कोणत्या तिथीला भरती केव्हा येईल, मतलई वारा पहाटे किती वेळ टिकेल, ज्येष्ठात मचवे वर केव्हा ओढायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर ते पाण्यात केव्हा लोटायचे, ही तेथील रोजची विद्या. तिथीच्या अंकाला तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, हा मुंबई-कुलाबा किनाऱ्यावरील जुना आडाखा आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पंचांग आणि समुद्र यांची सांगड अशी लोकव्यवहारात आधीपासूनच होती. केरोपंतांनी पुढे आयुष्यभर हे दोन्ही विषय हाताळले, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

छत्रे घराण्याचे नाव त्या काळी मराठी वाचकाला अपरिचित नव्हते. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या इसापनीतीच्या कथांनी आणि 'बाळमित्रा'ने छापील मराठी गद्याला आरंभीचे वळण दिले होते. केरोपंत शिक्षणासाठी मुंबईस आले ते याच वातावरणात. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांना आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे गणित व ज्योतिष शिकविणारे प्राध्यापक लाभले, आणि बाळशास्त्री जांभेकरांचेही मार्गदर्शन मिळाले. बाळशास्त्री 'दर्पण'कार म्हणून अमर झाले आहेत. त्यांचाही कुलाब्याच्या वेधशाळेशी काही काळ संबंध होता, याचा मात्र विसर पडलेला दिसतो. मराठी वृत्तपत्राचा आद्य संपादक आणि मराठी शास्त्रीय गद्याचा एक प्रमुख लेखक, दोघेही एकाच वेधशाळेच्या उंबरठ्यावरून गेले आहेत.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, ती मुख्यतः जहाजांसाठी. भर समुद्रात रेखांश काढावयाचा तर जहाजावरील कालमापक अचूक असावा लागतो, आणि तो बंदर सोडण्यापूर्वी खात्रीच्या वेळेशी ताडून घ्यावा लागतो. ही वेळ ताऱ्यांच्या वेधांनी ठरविणे हे कुलाब्याचे मूळ काम. आरंभीची वर्षे फारशी फलदायी झाली नाहीत. १८४० च्या आसपास मात्र वेगळे दिवस आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास जगभर एकाच वेळी करावा, अशी मोहीम युरोपात उभी राहिली होती; तिच्यात भाग घेण्यासाठी कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई येथे निरीक्षणाची व्यवस्था केली. ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली कुलाब्यास १८४१ पासून चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदी नियमाने होऊ लागल्या. केरोपंत १८४० साली तेथे दरमहा पन्नास रुपयांवर सहायक म्हणून लागले. सोळा वर्षांच्या मुलाला ते वेतन लहान नव्हते, आणि कामही लहान नव्हते.

ते वर्ष मुंबईच्या दर्यावर्दी लोकांच्या आठवणीत वेगळ्याच कारणाने राहिले. जूनच्या मध्यावर, पावसाळ्याच्या पहिल्याच तडाख्यात, 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' ही दोन जहाजे बंदराच्या तोंडाशी येऊन कुलाब्याजवळच्या खडकांवर फुटली. किनारा डोळ्यांसमोर असताना माणसे बुडाली. कुलाबा हे बेट मुंबईशी पक्क्या रस्त्याने जोडले गेल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्यापूर्वी तेथे जाण्या-येण्यासाठी ओहोटीची वाट पाहावी लागे. वेधशाळा आणि दीपगृह दोन्ही या चिंचोळ्या भूमीवर. सहायकाच्या नोकरीत दाखल झालेल्या तरुणाला वारा मोजण्याचे प्रयोजन कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नोंदीचे काम बाहेरून पाहणाऱ्याला अत्यंत नीरस वाटावे असे होते. स्वयंलेखन करणारी यंत्रे तेव्हा नव्हती. दर तासाला, दिवसा आणि रात्री, सहायकाने पाळीपाळीने उठून वायुभारमापकातील पाऱ्याची उंची डोळ्याने वाचावी, उष्णतामापके वाचावीत, वाऱ्याची दिशा आणि जोर लिहावा, चुंबकसूचीचे विचलन टिपावे, आणि महिन्यातील ठरलेल्या दिवशी हेच काम काही मिनिटांच्या अंतराने करावे. अशी आकड्यांची पाने वर्षानुवर्षे भरत गेली. त्यांवर सहायकांची नावे क्वचितच राहिली. छापील खंडांवर नाव आले ते अधिकाऱ्यांचे. ऑर्लिबार यांच्यानंतर वेधशाळा काही वर्षे 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक जॉर्ज ब्यूइस्ट यांच्याकडे आणि पुढे आरमाराच्या अधिकाऱ्यांकडे गेली. वरिष्ठ बदलत राहिले; नोंदी मात्र खंड न पडता चालू राहिल्या, आणि त्याचे श्रेय बहुतांशी या देशी सहायकांना द्यावे लागते.

या तासातासाच्या नोंदीचे महत्त्व उष्णकटिबंधाच्या हवेत विशेष आहे. युरोपच्या किनाऱ्यावर वायुभार दिवसेंदिवस मोठ्या प्रमाणावर खालीवर होतो. उष्णकटिबंधात तसे नसते. येथे पारा दररोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा चढउतार अवघा इंचाच्या एक दशांशाइतका, म्हणजे सुमारे तीन मिलिबारचा असतो. परंतु तो इतका नियमित असतो की त्याला हवेची भरती-ओहोटी म्हणण्याचा मोह व्हावा. स्वच्छ दिवसांत ही लय मोडत नाही. म्हणूनच ती मोडली, सकाळी दहाला चढावयाचा पारा चढलाच नाही किंवा दुपारनंतर उतरलेला पुन्हा वर आला नाही, की दूर समुद्रात काहीतरी घडत आहे असे समजावे. परंतु लय मोडली हे कळण्यासाठी आधी लय कोणती हे काटेकोरपणे माहीत असावे लागते, आणि ते माहीत होण्यासाठी अनेक वर्षांच्या शांत, घटनाशून्य दिवसांच्या नोंदी लागतात. वादळाचे शास्त्र अशा अगणित निर्वात रात्रींवर उभे आहे. केरोपंतांच्या तारुण्यातील बहुतेक रात्री याच जातीच्या होत्या.

त्याच दशकात कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या रोजनिशा गोळा करून बंगालच्या उपसागरातील वादळांचे मार्ग आखीत होते. 'सायक्लोन' हा शब्द त्यांनीच १८४८ साली रूढ केला. वादळातील वारा केंद्राभोवती गोल फिरतो आणि उत्तर गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, हे कळले की वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या तांडेलाला वादळाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला आहे, एवढे तरी सांगता येते. परंतु या ज्ञानाने बंदरातील माणूस सावध होत नव्हता. एका ठिकाणच्या पाऱ्याने वादळ आल्याची वर्दी मिळते, ते येणार असल्याची क्वचितच. आणि येणार असल्याची बातमी वादळाच्या आधी पोहोचविण्याचे साधन तेव्हा नव्हते. मुंबई आणि कलकत्ता तारायंत्राने जोडली गेली १८५४–५५ च्या सुमारास. म्हणजे केरोपंत कुलाब्यास असताना तेथे नोंद होती, इशारा नव्हता. ही उणीव कोणा व्यक्तीची नव्हती. पण ज्याने अकरा वर्षे आकडे लिहिले त्याला ती जाणवली नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यांच्या पुढील आयुष्यातील मुख्य प्रश्न, घडून गेलेल्या गोष्टींच्या नोंदीवरून घडणाऱ्या गोष्टी सांगता येतील काय, हा येथेच उभा राहिलेला दिसतो.

१८५१ साली ते कुलाबा सोडून पुण्यास अध्यापनात गेले. त्यानंतरच्या नेमणुका, बढत्या, अभियांत्रिकी शाळेतील आणि डेक्कन कॉलेजातील प्राध्यापकी, १८७७ ची रावबहादूर पदवी आणि १८७९ मधील निवृत्ती यांचा तपशील चरित्रकोशांतून मिळतो. येथे अधिक मोलाचा आहे तो त्यांचा मराठी लेखनाचा भाग.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्थापन केलेल्या ज्ञानप्रसारक सभेपुढे आणि तिच्या 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकातून त्यांनी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर निबंध सादर केले. या विषयांची निवडच बोलकी आहे. कुलाब्यास जे जे त्यांनी मोजले, तेच त्यांनी मराठीत सांगावयास घेतले. कुलाब्याच्या नोंदी इंग्रजीत छापल्या जात आणि लंडनला जात. ज्यांच्या दारासमोरची ती हवा, त्या कोळ्याला, भंडाऱ्याला, नागावच्या वाडीवाल्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. मराठी निबंधही त्या वर्गापर्यंत पोहोचले असतील असे नव्हे. पण निदान ते ज्ञान त्या भाषेत आले, हे पाऊल लहान नव्हते. केरोपंतांच्या काळच्या शास्त्रीय मराठीपुढे दोन मार्ग होते: संस्कृतातून भारदस्त संज्ञा घडविणे, किंवा व्यवहारातील शब्द घेऊन त्यांना नेमका अर्थ देणे. उधाण आणि भांग हे शब्द कोणा पंडिताने घडविले नाहीत, ते किनाऱ्यावर होतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचे कारण सूर्य व चंद्र यांच्या आकर्षणात आहे, एवढे सांगितले की कोळ्याचा शब्द शास्त्राचा होतो. पुढील शतकाच्या परिभाषाकारांनी हा दुसरा मार्ग पुरेसा चोखाळला नाही, याची खंत वाटते. आज हवामानाच्या मराठी बातमीत अवघड संज्ञा येतात. मतलई वारा मात्र क्वचितच भेटतो.

नोंदीवरून भाकिताकडे जाण्याचा त्यांचा प्रयत्न दोन दिशांनी झाला. पहिली दिशा सूर्याची. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे दहा-अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते, हे श्वाबे या जर्मन निरीक्षकाने १८४३ साली जाहीर केले होते, आणि १८५२ मध्ये सेबाइन यांनी त्या आवर्तनाचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षोभांशी संबंध दाखविला. कुलाब्यात चुंबकसूची पाहिलेल्या माणसाला हा विषय आपलाच वाटला असणार. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील प्रचंड स्फोटामुळे झालेला चुंबकीय क्षोभ कुलाब्याच्या नोंदवहीत उतरला. दीड शतकानंतर त्या क्षोभाची तीव्रता ठरविताना शास्त्रज्ञांना याच हस्तलिखित आकड्यांचा आधार घ्यावा लागला. केरोपंत तेव्हा कुलाब्यास नव्हते, पण पद्धती तीच होती.

सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांचा संबंध हा केरोपंतांच्या दीर्घकाळच्या आवडीचा विषय होता. या आवडीत ते एकटे नव्हते. मॉरिशसचे चार्ल्स मेल्ड्रम यांनी १८७२ साली दक्षिण हिंदी महासागरातील चक्रीवादळांची संख्या डागांबरोबर वाढते असे मांडले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, जेव्हा दख्खनमध्ये माणसे आणि गुरे अन्नान्न करून मरत होती, तेव्हा पावसाचे आवर्तन सूर्यावर शोधण्याच्या धडपडीला शास्त्रीय जिज्ञासेपलीकडचे कारण होते. कालांतराने हा संबंध भाकितासाठी उपयोगी पडण्याइतका दृढ नाही, असे ठरले. तथापि प्रश्न चुकीचा नव्हता. समुद्रावरील हवेला काही दूरचे कारण असते आणि ते शोधले तर महिनोन्महिने आधी सूचना देता येईल, हीच कल्पना पुढे निराळ्या मार्गाने, प्रशांत महासागराच्या उष्णतेच्या अभ्यासातून, फळाला आली.

दुसरी दिशा पंचांगाची, आणि येथे केरोपंतांना विरोध सोसावा लागला. १८६० साली त्यांनी युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने नवे पंचांग निघू लागले. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रहणाचे वा ग्रहयुतीचे वेळ आकाशाशी जुळत नव्हते. जे दिसते ते गणितात आले पाहिजे, ही त्यांची भूमिका. एवढ्यापुरते बहुतेक ज्योतिषी मनातून सहमत असत. खरा वाद राशिचक्राच्या आरंभाविषयी झाला. रेवतीचा योगतारा म्हणून त्यांनी मीन राशीतील एक मंद तारा धरला, आणि त्यामुळे रूढ पंचांगाहून संक्रांती सुमारे चार दिवस आधी येऊ लागली. क्वचित अधिकमासही बदलू लागला. ज्या समाजात श्राद्ध, व्रते आणि सण तिथी-मासांवर चालतात तेथे याचा अर्थ शेजारच्या घरी एक महिना आणि आपल्या घरी दुसरा, असा होतो. विरोध करणारे सगळेच अज्ञ नव्हते. धर्मकृत्याला एकवाक्यता लागते, हे त्यांचे म्हणणे व्यवहारात खरे होते.

या वादाची हवामानाशी जोडलेली बाजू मात्र फारशी चर्चिली गेली नाही. मराठी शेतकरी आणि दर्यावर्दी पावसाचे गणित सूर्यनक्षत्रांवर करतात: मृग लागला की पेरणी, मृग लागला की गलबते किनाऱ्याला. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतुचक्राच्या वर्षाहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे असल्याने हे नक्षत्र ऋतूच्या मानाने सुमारे साठ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. अरबी समुद्रावरील नैर्ऋत्य मोसमी वारा मात्र पंचांगाकडे पाहत नाही. केरोपंतांच्या मृगाने चार दिवस आधी येणे हे शास्त्रदृष्ट्या निर्णायक नसेल; नक्षत्रगणनेचा आरंभबिंदू बदलला एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्यामुळे नक्षत्र आणि वारा यांचे नाते हे आकाशाने घालून दिलेले नसून माणसाने मांडलेले आहे, हे उघड झाले, आणि अनेकांना तेच सहन झाले नसावे. उलट, भरतीच्या आडाख्याला या सुधारणेने काही बाध आला नाही. तिथी काही घटकांनी इकडेतिकडे झाली तरी भरतीच्या वेळेत मिनिटांचाच फरक पडतो, आणि समुद्रावर त्याची कोणी पर्वा करीत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात केरोपंतांच्या कार्याची दखल घेतली, आणि टिळकांनी गुरूच्या पंचांगाचा पक्ष पुढे चालविला. विद्यार्थ्यांना ते कठोर शिक्षक म्हणून कमी आणि गणित रंगवून सांगणारे म्हणून अधिक आठवत. संगीत आणि नाट्य यांचीही त्यांना गोडी होती; कोरड्या आकड्यांचा माणूस ही त्यांची प्रतिमा त्यामुळे अपुरी ठरते.

दरम्यान कुलाब्याच्या नोंदीला इशाऱ्याची जोड मिळत गेली. १८५४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरात चक्रीवादळाने मोठी हानी केली. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर त्याहून भीषण संकट आले, आणि त्यानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या सूचनेची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. मुंबईकडील बंदरांना अशी व्यवस्था मिळाली ती १८८० च्या सुमारास, केरोपंत निवृत्त झाल्यानंतर. १८८६ पर्यंत ती देशातील सर्व बंदरांना लागू झाली. कोकणच्या बंदरांत आजही चढणारा तीन नंबरचा बावटा हा त्याच परंपरेतला. अकरा क्रमांकांच्या त्या मालिकेतील शेवटचा क्रमांक फार अर्थपूर्ण आहे: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला, एवढेच तो सांगतो.

१९ मार्च १८८४ रोजी केरोपंतांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८८ च्या नोव्हेंबरात, 'वैतरणा' ही आगबोट, लोकांच्या तोंडची 'वीजळी', कच्छहून मुंबईस येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. बावटे होते, तारा होत्या. बंदर सोडलेल्या बोटीला मात्र ते कोणी दाखवू शकत नव्हते. नोंदीचे मोल दुसऱ्याही प्रकारे दिसते. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईस आलेल्या वादळात एक लाख माणसे मेली, असे जगातील आपत्तींच्या याद्यांतून पुष्कळ काळ छापले जात असे. समकालीन पुराव्यात त्याला आधार सापडत नाही, आणि ते वादळ झालेच नाही असे आता मानले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकसूची निरुपयोगी होणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी निवांत जागेचा शोध घेतला, आणि १९०४ पासून चुंबकीय निरीक्षण खाडीपलीकडे अलिबागेस होऊ लागले. हवामानाची नोंद कुलाब्यास राहिली. चुंबकसूची मात्र ज्या किनाऱ्यावर गेली, त्याच किनाऱ्यावर थोड्या अंतराने दक्षिणेला नागाव आहे.